आधी नाव, मग रूप

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स : १९६९

तुम्ही टेक्नॉलॉजी स्क्वेअरमधल्या एका इमारतीत उभे आहात. आयबीएमचं केंब्रिज सायंटिफिक सेंटर इथं आहे. तुम्ही कुणाला दिसत नाही. तुम्हाला मात्र सगळं दिसतंय. टाइपरायटरसारखं टर्मिनल खडखड करत कागदावर ओळी उमटवतंय. जवळ जाऊन वाचा. मजकुराच्या ओळींमध्ये अधूनमधून एक टिंब आणि पुढे दोन अक्षरं, असे छोटे हुकूम पेरलेले आहेत. टिंब-सी-ई म्हणजे पुढची ओळ मधोमध घे. टिंब-एस-पी म्हणजे एक ओळ मोकळी सोड. यंत्र निमूट ऐकतं आणि कागद नीटनेटका छापून निघतो.

मग अडचण कुठे आहे? ती चार्ल्स गोल्डफार्ब यांच्या टेबलावर आहे. वकिलीचं शिक्षण घेऊन ते आयबीएममध्ये आले आहेत आणि वकिलांच्या कचेऱ्यांसाठी एक यंत्रणा उभी करायच्या कामात आहेत. एक प्रोग्राम मजकूर संपादित करणार, दुसरा त्यात शोध घेणार, तिसरा तो छापणार. मजकूर मात्र तिघांना एकच हवा. आता त्या कागदावरची मधोमध आलेली ओळ पुन्हा बघा. हे खटल्याचं नाव आहे, की प्रकरणाचं शीर्षक, की निकालपत्रातला उतारा? तुम्हाला वाचून कळतं. शोध घेणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही, कारण त्याच्यापर्यंत फक्त ‘मधोमध’ एवढाच निरोप पोचलाय.

गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी शोधलेली वाट सरळ आहे. मजकुराच्या प्रत्येक भागावर तो काय आहे, एवढंच लिहायचं. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा यादीतला मुद्दा. शीर्षक मधोमध घ्यायचं की डावीकडे, ठळक की साधं, हे छापणाऱ्या प्रोग्रामनं वेगळं ठरवावं. या कल्पनेतून जीएमएल ही भाषा घडली. तिच्यात पुढे रुळलेली नावं ऐकून तुम्ही चमकाल : शीर्षकाला एच-वन, परिच्छेदाला पी, क्रमवार यादीला ओएल, मुद्द्याला एलआय. वेब जन्माला यायला अजून अवकाश आहे, पण त्याची अक्षरओळख या मंडळींच्या हाताखालून जातेय. १९८६ मध्ये याच विचाराला एसजीएमएल या नावानं आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळेल.

जिनिव्हा : १९९०

डिसेंबर. तुम्ही सर्न या संशोधन केंद्रात आला आहात. अणूच्या गाभ्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ इथं देशोदेशींहून येतात, काही वर्षं काम करतात आणि निघून जातात. प्रत्येक गट आपापला संगणक वापरतो. एका यंत्रावरची माहिती दुसऱ्यावर उघडत नाही. कुठली नोंद कुठे आहे, हे जाणणारा माणूस गेला की ती नोंदही गेल्यासारखीच. या गोंधळावर उपाय सुचवणारं टिपण टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्येच वरिष्ठांना दिलं होतं. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर शेरा मारला होता : कल्पना धूसर आहे, पण उत्साह वाटावा अशी आहे.

समोर काळ्या रंगाचा, फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा आहे. हा नेक्स्ट कंपनीचा संगणक. त्यावर चिकटवलेल्या कागदावर लाल शाईत बजावलंय : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. साऱ्या जगाचं वेब या घडीला या एका ठोकळ्यात मावतं.

त्याच्या पडद्यावरचा ब्राउझर बघा. तो पान नुसतं दाखवत नाही, लिहूही देतो. तुम्ही ओळ निवडता, मेनूतून ‘शीर्षक’ निवडता. त्या ओळीला नाव देणारी खूण, म्हणजे टॅग, तो स्वतः घालतो. टॅग हातानं लिहायची वेळ कुणावर येईल, असं बर्नर्स-ली यांना वाटलेलंच नाही. पण टॅग आहेत, आणि ते त्यांनी हवेतून काढलेले नाहीत. सर्नमधली मंडळी एसजीएमएलच्या धर्तीवरचे टॅग कागदपत्रांसाठी आधीपासून वापरतायत. शीर्षकाच्या सहा पायऱ्या, परिच्छेद, याद्या, पत्ता, सगळं ओळखीचं. हातात रुळलेलं तेच घेतलं की नवी गोष्ट शिकवायला वेळ जात नाही. लवकरच जाहीर होणाऱ्या यादीत जेमतेम दीड डझन टॅग असतील.

त्यातला एक मात्र खास या कामासाठी आणलेला आहे : अँकर, म्हणजे नुसतं ए हे अक्षर. तो एखाद्या शब्दाभोवती गुंडाळायचा आणि आत दुसऱ्या पानाचा पत्ता द्यायचा. ते दुसरं पान शेजारच्या टेबलावरच्या यंत्रात असो की समुद्रापलीकडच्या.

आता दुसऱ्या खोलीत चला. तिथं साधं टर्मिनल आहे. चित्र नाही, माऊस नाही, एकाच जाडीची अक्षरं. गणिताची विद्यार्थिनी निकोला पेलो हिनं अशाच यंत्रांसाठी छोटा ब्राउझर लिहायला घेतला आहे. काही महिने पुढे सरका आणि त्यावर तेच पान उघडा. शीर्षक ओळखू येतं, परिच्छेद सुटे दिसतात, आणि प्रत्येक दुव्यापुढे चौकटी कंसात एक आकडा आहे. तुम्ही १ टाइप करून एंटर दाबता. नवं पान येतं.

इथं थोडं थांबून विचार करा. नेक्स्टच्या देखण्या पडद्यावरचं पान जसंच्या तसं या टर्मिनलवर चाललं, त्यासाठी कुणालाही ते पुन्हा लिहावं लागलं नाही. ‘चोवीस पॉइंटचं ठळक अक्षर’ असं पानात लिहिलेलं असतं, तर या टर्मिनलनं हात टेकले असते. पानात लिहिलंय ‘शीर्षक’. मग ज्या यंत्राला शीर्षक जसं दाखवता येतं, तसं ते दाखवतं. एचटीएमएलचं, म्हणजे बर्नर्स-ली यांच्या या टॅगच्या भाषेचं, सगळं बळ या एका निर्णयात आहे. पुढच्या तीस वर्षांत जेव्हा जेव्हा लोकांनी तो निर्णय सोडला, तेव्हा कुणीतरी वाचक दाराबाहेर राहिला.

मुंबई : १९९६

मधली वर्षं भराभर मागे टाका. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं वेबचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रिसन यांनी पानात चित्र घालायचा टॅग सुचवला. त्यांच्या मोझॅक ब्राउझरनं तो आणला आणि वेबचा चेहराच बदलला. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमानं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं.

तुम्ही दादरच्या एका घरात, रात्री उशिरा, संगणकापुढे बसला आहात. मोडेम किंचाळतो, खरखरतो, जोडला जातो. बाहेरच्या खोलीतून वडील विचारतायत, फोन मोकळा कधी होणार. तुमच्याकडे शेल अकाउंट आहे, म्हणजे पडद्यावर फक्त अक्षरं. तुम्ही लिंक्स सुरू करता. कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला हा ब्राउझर चित्रं दाखवतच नाही.

पहिलं पान उघडता. एका विद्यापीठाचं आहे. शीर्षक, उपशीर्षकं, याद्या, दुवे. सगळं स्वच्छ वाचता येतं. दुसरं पान उघडता. पडद्यावर उमटतं : इनलाइन, इनलाइन, इनलाइन. या पानाचं शीर्षक चित्र आहे, मेनू चित्रांचा आहे, बटणंही चित्रं आहेत, आणि चित्राऐवजी काय वाचायचं ते कुणी लिहिलेलं नाही. त्यासाठी ऑल्ट नावाची सोय आहे; चित्राच्या टॅगमध्ये चार शब्द लिहिले असते तर पान तुमच्याशी बोललं असतं.

आता उलटी तिरकी रेघ असलेली कळ दाबा. लिंक्स पडद्यावर पानाचा सोर्स, म्हणजे टॅगसकट मूळ मजकूर, मांडतो. कितीतरी लोक एचटीएमएल असंच शिकले : वर्ग नाही, पुस्तक नाही, दुसऱ्याचं पान उघडायचं आणि आत डोकवायचं. गणितात ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठा’ यांसाठी वापरतो त्या चिन्हांच्या मध्ये टॅगचं नाव. संपवताना तेच नाव, पण आधी तिरकी रेघ. तुम्ही कोरी फाइल उघडून लिहायला लागता.

पहिला धडा लगेच मिळतो. एक शब्द ठळक करायला तुम्ही बी टॅग उघडता आणि बंद करायचं विसरता. तिथून खालचं सगळं पान ठळक होतं. दुसरा धडा : शेवटी उघडलेला टॅग आधी बंद करायचा. मुद्दा यादीच्या आत उघडला असेल, तर तो यादीच्या आतच संपला पाहिजे. तिसरा : मजकुरातच ‘पेक्षा लहान’ चिन्ह हवं असेल तर ते थेट लिहायचं नाही, कारण ब्राउझर त्याला टॅगची सुरुवात समजेल. त्याच्या जागी अँपरसँड, एल, टी आणि अर्धविराम असा संकेत लिहायचा.

चौथा धडा तुम्हाला जरा उशिरा कळतो, पण तो सगळ्यांत टिकाऊ आहे. तुम्ही कितीही मोकळ्या जागा आणि रिकाम्या ओळी सोडल्यात तरी ब्राउझर त्यांची एकच जागा करून टाकतो. मग यादीतला प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर, दोन जागा आत सरकवून कशाला लिहायचा? माणसासाठी. उद्या हे पान दुरुस्त करणाऱ्यासाठी, आणि आज रात्री तुमच्यासारखं सोर्स उघडून शिकणाऱ्यासाठी. यादीच्या आत यादी असेल आणि ती एक पायरी आत सरकवलेली असेल, तर न मिटलेला टॅग नजरेला लगेच टोचतो. चांगल्या सोर्समध्ये पानाचा सांगाडा एका नजरेत दिसतो.

पुणे : १९९९

दुपारची वेळ, जाड काचेचा मॉनिटर. तुम्ही एक मराठी पान उघडलंय. मजकूर सुरेख दिसतोय. तोच पत्ता शेजारच्या संगणकावर उघडा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं यांची खिचडी. सोर्स पाहिल्यावर कारण कळतं : फाइलमध्ये मराठी अक्षर एकही नाही. तिथं रोमन अक्षरांचे संकेत आहेत आणि भोवती फाँट टॅग. त्या टॅगमध्ये सांगितलेला फाँट यंत्रावर असेल, तर रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार रेखाटला जातो. नसेल तर खिचडी.

गोल्डफार्ब यांच्या टेबलावरची अडचणच इथं अक्षरापर्यंत खाली उतरली आहे. तिथं शीर्षकाला ‘मधोमध’ म्हटलं होतं. इथं म या अक्षराला ‘मसारखं दिसणारं काहीतरी’ म्हटलंय. डोळ्यांना फरक कळत नाही. पण या पानात ‘ज्ञानेश्वर’ शोधा, सापडणार नाहीत. मजकूर उचलून दुसरीकडे न्या, अर्थ निघून जाईल. ते काम करणाऱ्यांना दोष देऊ नका. आपल्या भाषेत पान दिसावं या ओढीनं, हाताशी होतं त्या साधनांनी त्यांनी वाट काढली. दुरुस्तीही वाटेवर आहे. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी आहे. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० नं युनिकोडलाच आपला पाया मानलं. त्यात म चा क्रमांक कुठल्याही फाँटमध्ये, कुठल्याही यंत्रावर एकच, आणि तो फक्त म चाच. विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि मंगल फाँट येईल, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू होईल, आणि हळूहळू मराठी मजकूर शोधता येईल असा होईल.

त्याच सोर्समध्ये आणखी खाली जा. तक्त्यात तक्ता, त्यात आणखी तक्ता. यात आकडेवारी कुठेच नाही. डावीकडे मेनू आणि उजवीकडे बातमी बसावी, म्हणून तक्ता वापरलाय. चौकटी नेमक्या अंतरावर राहाव्यात म्हणून एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून बसवलंय. प्रत्येक परिच्छेदाला वेगळा फाँट टॅग. मथळ्याचा रंग बदलायचा असेल तर शेकडो जागी हात घालावा लागेल.

याचं औषधही तयार आहे. १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्येच काम करणाऱ्या हाकोन व्युम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस यांच्या सोबतीनं तो आकाराला आला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी त्याला मान्यता मिळाली. एचटीएमएलनं नाव सांगावं, रूप सीएसएसनं ठरवावं. ब्राउझर मात्र ते अर्धवट आणि आपापल्या तऱ्हेनं पाळतात, म्हणून लोक तक्त्यांना चिकटून आहेत.

चार वर्षं पुढे या. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ हे स्थळ सुरू केलंय. तिथं एकच एचटीएमएल फाइल आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही. बदलायचं ते फक्त सीएसएस. तुम्ही एकामागून एक रूपं उघडता. एकात फुलं, दुसऱ्यात जुन्या पोस्टरची ढब, तिसऱ्यात नुसती अक्षरं आणि मोकळी जागा. दरवेळी सोर्स बघता, एक अक्षरही बदललेलं नाही. नाव नीट दिलं की रूप हवं तितकं बदलता येतं, याचा याहून ढळढळीत पुरावा कुणी दिलेला नाही.

सॅन होझे, कॅलिफोर्निया : २००४

जून महिना. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संघटनेची कार्यशाळा भरली आहे. तुम्ही मागच्या रांगेत बसा. एका बाजूचं म्हणणं : लेखन काटेकोर हवं. एक्सएमएल या काटेकोर भाषेच्या नियमांनी चालणाऱ्या पानात एक टॅग जरी मिटायचा राहिला, तरी पान दाखवायचं नाही, चूक दाखवायची. दुसऱ्या बाजूला ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला आणि ओपेराची माणसं आहेत. त्यांचं म्हणणं : जगातली असंख्य पानं चुकांसह जगतायत, त्यांना मारून शिस्त येणार नाही, आहे तीच भाषा पुढे न्या. मतं घेतली जातात आणि दुसरी बाजू हरते. काही दिवसांतच मोझिला, ओपेरा आणि ॲपलची माणसं मिळून डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा गट उघडतात. या वाटेवरून एचटीएमएल५ येतं आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी डब्ल्यूथ्रीसीही त्याला मान्यता देते.

या भांडणातून मिळालेली सगळ्यांत मोलाची गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तोवर चुकीचं एचटीएमएल प्रत्येक ब्राउझर आपल्या अंदाजानं सावरून घ्यायचा. नव्या मानकात चुकलेलं पान कसं वाचायचं, याचे नियमही पायरी-पायरीनं लिहिले गेले. दादरच्या त्या घरात तुम्ही न मिटलेला बी टॅग आज सगळ्या ब्राउझरमध्ये सारखाच वागतो. आणि नवी नावं आली : पानातल्या वाटांसाठी नॅव, मुख्य मजकुरासाठी मेन, स्वतंत्र लेखासाठी आर्टिकल, चित्र आणि त्याची ओळ यांसाठी फिगर.

आज, डोळे मिटून

आता पडदा बंद करा आणि हेडफोन लावा. तुम्ही एका दृष्टिहीन विद्यार्थिनीच्या खुर्चीत आहात. संगणकावर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्राम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या दृष्टिहीन तरुणानं सुरू केला आणि त्याचा दृष्टिहीन मित्र जेम्स टेह लवकरच त्यात सामील झाला. परीक्षेच्या अर्जाचं पान उघडलंय.

तुम्ही एच ही कळ दाबता. एकेका शीर्षकावर उडी बसते. १ दाबलं की थेट एच-वन. के दाबलं की पुढचा दुवा, टी दाबलं की तक्ता. केंब्रिजमध्ये वकिलांच्या कागदपत्रांसाठी सुरू झालेला विचार या बोटांखाली वाट दाखवतोय. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तशी ही मुलगी कानानं नजर फिरवते, आणि त्यासाठी तिच्याजवळ फक्त टॅग आहेत.

अर्जाचं पुढचं पान उघडा. एच दाबल्यावर उत्तर येतं : पुढे शीर्षक नाही. पडद्यावर मोठाली शीर्षकं आहेत, पण ती डिव्ह या काहीच अर्थ न सांगणाऱ्या टॅगमध्ये टाकून सीएसएसनं फुगवलेली आहेत. खाली ‘अर्ज भरा’ असं लिहिलेली निळी चौकट आहे. तीही डिव्हच, माऊसनं दाबली जाते, टॅबच्या कळेनं तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. बटण टॅग वापरला असता तर कळफलकानं दाबणं, ‘हे बटण आहे’ असं ऐकू येणं, सगळं आपोआप मिळालं असतं. रिकाम्या चौकटीवर पोचल्यावर प्रोग्राम नुसतं ‘मजकूर लिहा’ म्हणतो. इथं नाव लिहायचं की आधार क्रमांक? शेजारी शब्द छापलाय, पण तो लेबल टॅगनं चौकटीशी जोडलेला नाही. आणि पानाच्या सुरुवातीला एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ अशी सांगितलेली नसेल, तर मराठी वाक्यांना कुठला आवाज आणि कुठले उच्चार लावायचे, हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

हा अर्ज तिच्या हातून सुटला, तर त्याचं कारण तिची दृष्टी नसेल. कुणीतरी एक छोटासा टॅग लिहायचा आळस केला, हे कारण असेल. मार्कअपला, म्हणजे टॅग लावण्याला, कारकुनी काम समजणाऱ्या प्रत्येकानं काही वेळ तरी या खुर्चीत बसावं.

इथून पुढे

२०१३ मध्ये सर्ननं पहिल्या वेबसाइटची जतन झालेली प्रत तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली. ती तुमच्या फोनवर उघडते, दुवे चालतात, आवाजात वाचता येते. ते पान लिहिलं तेव्हा असे फोन नव्हते आणि एनव्हीडीएही नव्हता. पानानं स्वतःबद्दल खरं तेवढं सांगितलं होतं, म्हणून नंतर आलेल्या प्रत्येक यंत्राला ते वाचता आलं. तुमचं पान कोण, कधी, कशावर वाचेल हे तुम्हालाही आधी कळणार नाही. म्हणून रंग निवडायच्या आधी नावं द्या. पानाला एक एच-वन, त्याखाली क्रमानं एच-टू आणि एच-थ्री. पायरी गाळू नका. आकडेवारीला तक्ता, तक्त्याच्या मथळ्यांना टीएच. चित्राला ऑल्ट. दाबायच्या गोष्टीला बटण, जायच्या गोष्टीला अँकर. आतला टॅग आत सरकवून लिहा.

मग सीएसएस बंद करून पान वरून खाली वाचा. अर्थ लागला आणि शीर्षकं, याद्या ओळखू आल्या, तर मार्कअप बऱ्यापैकी बरोबर आहे. आजच तुमच्या शाळेचं, वाचनालयाचं किंवा ग्रामपंचायतीचं पान उघडून त्याचा सोर्स पाहा, आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांतली ओळ एच-वनमध्ये आहे का ते तपासा. नसेल तर ते पान सांभाळणाऱ्याला कळवा आणि कसं दुरुस्त करायचं तेही सांगा. काम पाच मिनिटांचं आहे, आणि त्यानं दाराबाहेर राहिलेला कुणीतरी आत येतो.